स्वहस्ताक्षरातला अर्ज

आईने माझ्या अर्जावर पहिली लाल खूण केली ती ‘परीस्थिती’ या शब्दावर.

“रि ऱ्हस्व,” ती म्हणाली. “बी.एस्सी. झालीस आणि परिस्थिती लिहिता येत नाही?”

“येते. घाईत झालं.”

“घाई कसली? शनिवारपर्यंत पोचवायचाय ना? आज सोमवार.”

ती पलंगावर तीन उशांना टेकून बसली होती. डावा हात मी सकाळी मांडीवर ठेवला होता, तसाच होता. उजव्या हातात लाल पेन, त्या हाताला तेवढंच पेलायचं. परीक्षेला मुलं नेतात तसलं लाकडी पॅड तिच्या पोटाशी टेकवून मी दुसऱ्या बाजूने धरलं होतं, नाहीतर ते सरकायचं. तोंड उजवीकडे जरा ओढलेलं, शब्द जड यायचे. पण सवय असलेल्या माणसाला तिचं सगळं कळे. आणि चुका तर तिच्या नजरेतून एकही सुटत नसे.

मलकापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत आईने चोवीस वर्षं मराठी शिकवलं. नारखेडे मॅडम म्हटलं की अजूनही तिथे पन्नाशीची माणसं सरळ उभी राहतात. बाबा मी चौथीत असताना गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, जळगावला एम.एस्सी.ला नंबर लागला, आणि ऑगस्ट महिन्यात, एकोणीस तारखेला, सहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता आई खाली कोसळली. डावी बाजू गेली. मी जळगावला गेले नाही.

ही गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी घडली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते.

त्या दोन वर्षांत मी नोकरीचे अर्ज केलेच नव्हते असं नाही. विमलमावशी, आईची पाठची बहीण, काकांच्या माघारी एकटीच होती. ती आमच्याकडे राहायला आली आणि म्हणाली, “तू आता आपलं पाहाय. ताईले मी पाहतो.” मग मी दोन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आले. जळगावला मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “दोन वर्षं काय केलंत?” मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “अरेरे,” आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. औरंगाबादला तीन माणसं बसली होती. मधला म्हणाला, “आमच्याकडे पाळ्या असतात. आईला बरं नसलं की तुम्ही उठून जाणार.”

“मावशी आहे तिच्याजवळ.”

“मावशी किती दिवस बघणार? ताई, राग मानू नका, पण तुमचं मन तिकडेच राहणार.”

तो माणूस वाईट नव्हता. मला पाणी दिलं, स्टेशनला जायची बस कुठून मिळते तेही सांगितलं.

त्यानंतर वर्तमानपत्रात ती जाहिरात आली. संगमनेरच्या बाजूला एक दूध प्रकल्प, त्याच्या प्रयोगशाळेत सहायक हवा. अर्ज मराठीत, स्वहस्ताक्षरात, सोबत स्वतःविषयी एक पान. मी कात्रण घेऊन कॉलेजात कोलते सरांकडे गेले. सरांनी आम्हाला तीन वर्षं शिकवलं होतं आणि मुलांचे अर्ज ते आपणहून तपासून देत.

सरांनी माझं पान दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हर्षदा, अर्ज वाचणारा माणूस तुझे गुण नंतर वाचतो. तुझी अडचण आधी वाचतो. हे बघ, ‘माझी आई सध्या अर्धांगवायूने आजारी आहे.’ हा ‘सध्या’ काय करतो माहितीये? दार उघडं ठेवतो. त्याला वाटतं, यातून काहीही आत येईल.”

“मग आईचं काढूनच टाकू?”

“काढलंस तर दोन वर्षं रिकामी दिसतात. ते आणखी वाईट. मुलगी घरी बसली होती, असा अर्थ होतो.”

“मग काय करू सर?”

सरांनी पान घडी करून माझ्या हातात दिलं. “मला नाही सांगता येत,” ते म्हणाले. “एवढंच सांगतो, ही गोष्ट संपलेली दिसली पाहिजे.”

हे वाक्य मी घरी येऊन आईला सांगायला नको होतं. पण मी तिला सगळंच सांगत असे.

तर त्या सोमवारी दुपारी ‘परिस्थिती’ सुधारून झाली, एक अनुस्वार पडला, एक स्वल्पविराम चढला, आणि आईचं पेन चौथ्या ओळीवर येऊन थांबलं. तिने ओळ मोठ्याने वाचली.

“माझी आई निर्मला नारखेडे या शिक्षिका आहेत.” ती थांबली. “होत्या लिही.”

“तू निवृत्ती घेतलीस म्हणून?”

“नाही. पुढचंही बदल. ‘गेली दोन वर्षे मी त्यांची शुश्रूषा करत आहे.’ इथे ‘शेवटपर्यंत त्यांची शुश्रूषा केली’ असं कर. सगळं पान भूतकाळात घे.”

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी पॅड सोडून दिलं. ते घसरून खाली पडलं.

“आई, वेडी झालीस का?”

“उचल ते.”

“मी असलं काही लिहिणार नाही.”

“तुझ्या सरांनी काय सांगितलं? गोष्ट संपलेली दिसली पाहिजे.”

“त्यांना असं म्हणायचं नव्हतं!”

“त्यांना हेच म्हणायचं होतं. फक्त बोलायचा धीर झाला नाही.” ती धापा टाकत होती. एवढं सलग बोललं की तिला दम लागायचा. “दुसरं काही लिहिलंस तर दाखला मागतील. कुठे काम केलं, कुठे शिकवलं, आणा कागद. मेलेल्या आईचा दाखला नोकरीच्या अर्जाला कुणी जोडायला सांगत नाही.”

मी स्वयंपाकघरात निघून गेले. विमलमावशी भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली, आणि ती करपली.

त्या दिवशी आई जेवली नाही. मी घास करून तोंडाशी नेला की ओठ मिटून घ्यायची. संध्याकाळची गोळी घेतली नाही. मंगळवारी सकाळी चहासुद्धा नाही. तिला स्वतःच्या डाव्या अंगावरची माशी उडवता येत नव्हती, कूस बदलायला आम्ही दोघी लागायचो; तिच्या हातात उरलेली गोष्ट एकच होती, तोंड उघडायचं की नाही. ती तिने वापरली.

“निदान गोळी घे,” मी म्हटलं. “प्रेशर वाढेल.”

“कागद आण.”

“तू मला ब्लॅकमेल करतेस.”

“हो,” आई म्हणाली. “दुसरं काय करू शकते मी?”

मावशी दारात उभी होती. “लिहून टाक व हर्षदा,” ती हळूच म्हणाली. “लिहिल्यानं का मानूस मरते? गोळी न घेतल्यानं मरीन ते.”

मी तिच्या नोंदींच्या वहीत प्रेशर लिहायला घेतलं. एकशे ऐंशीवर एकशे दहा. मी ती वही मिटली आणि कोरा कागद घेतला.

मग आईने मला अर्ज सांगितला. शुद्धलेखन घालावं तसा, शब्द शब्द सुटा करून. मी लिहीत गेले. एकच ओळ खोटी होती, बाकी पान अक्षरन् अक्षर खरं होतं. तिने मला त्या वहीबद्दल लिहायला लावलं. दोन वर्षं रोज चार वेळा प्रेशर, नाडी, ताप, साखर, पाणी किती प्यायलं, लघवी किती झाली, कूस कधी बदलली. एका दिवसाचीही नोंद चुकलेली नाही, आणि आकडा मनासारखा आला नाही म्हणून कधी बदललेला नाही. मला हे अर्जात लिहिण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. “हेच तर प्रयोगशाळेचं काम आहे,” आई म्हणाली. “तुला कळत नाही तू काय केलंयस ते.”

शेवटी ती म्हणाली, “तारीख विचारतील कधीतरी. एकोणीस ऑगस्ट सांग. यंदाचा.”

“ती तर तू पडलीस तो दिवस.”

“म्हणूनच. विसरणार नाहीस.”

खाली मी सही केली. तिने पान एकदा नजरेखालून घातलं, एकही खूण केली नाही, आणि म्हणाली, “आता भात दे. वरण पातळ कर.”

दहा दिवसांनी बोलावणं आलं. मुलाखत प्रयोगशाळेच्या प्रमुख कानवडे मॅडमनी घेतली. पन्नाशीच्या, बुटक्या, पांढरा कोट कोपरापर्यंत दुमडलेला. माझा अर्ज त्यांच्यासमोर होता. त्यांनी दुधाची आम्लता कशी मोजतात ते विचारलं, जीवाणूंची संख्या कशी काढतात ते विचारलं. आई गेली कधी, हे विचारलं नाही. मी घरून निघाल्यापासून तो एकच प्रश्न घोकत होते. उठताना फक्त म्हणाल्या, “माझीही आई मागच्या वर्षी गेली. सोमवारी रुजू हो.”

रुजू होताना कार्यालयात एक छापील फॉर्म भरायचा होता. वडील: हयात नाहीत. आई. तिथे मी पेन टेकवून किती वेळ बसले होते कोण जाणे. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, “अडलं का काही?” मी लिहिलं, हयात नाही. एकोणीस ऑगस्ट.

नोकरी चांगली होती. सकाळी गावोगावचे टँकर यायचे, आम्ही नमुने काढायचो, तापमान, स्निग्धांश, आम्लता, सगळं रजिस्टरमध्ये. मला ते काम आवडलं, आणि आवडलं याचंच रोज अपराधी वाटायचं. रविवारी मी फाटकाबाहेरच्या टेलिफोन बूथवरून घरी फोन लावायची. मावशी फोन आईच्या कानाशी धरायची.

“जेवतेस का?” आई विचारायची.

“हो. तू?”

“मी कशी जेवणार? मी तर गेले ना!” असं म्हणून ती हसायची. मावशी मागून ओरडायची, “काहीबाही बोलू नको व ताई.” मी बूथच्या काचेला कपाळ टेकून उभी असायची.

दोन महिन्यांतून एकदा मी मलकापूरला जायची. प्रयोगशाळेत सांगायची, मावशीकडे चालले. मलकापूरच्या मावशीने मला सांभाळलं, एवढं तिथे सगळ्यांना माहीत झालं होतं. परत येताना मावशी डबा भरून द्यायची. मॅडम एकदा एक शेव-बर्फी तोंडात टाकून म्हणाल्या, “तुझ्या मावशीच्या हाताला चव आहे.” ती खरंच मावशीने केलेली होती. तेवढं एक वाक्य तरी मला खरं ऐकायला मिळालं.

पहिल्या एकोणीस ऑगस्टला मॅडमनी मला तीन वाजताच बोलावून घेतलं. “आज घरी जा. वर्ष झालं ना? मला कळतं.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी बूथवर जाऊन आईला फोन लावला. तीही ओळखून होती. “आज माझा दिवस ना?” म्हणाली. “गोड कर काहीतरी.”

आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी मला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, पुढे ओटा, नळाला दोन्ही वेळ पाणी. मॅडम स्वतः किल्ली घेऊन दाखवायला आल्या. स्वयंपाकघराची खिडकी उघडली, नळ सोडून बघितला.

“एकटीला जरा मोठं होईल,” त्या म्हणाल्या. “पण असू दे. खरं तर आई असती तुझी, तर इथेच आणता आली असती. पलीकडच्या ओळीत बघ, तिघांचे तरी आईवडील आहेत. गायकरचे वडील तर झोपूनच असतात. प्रकल्पाचा डॉक्टर एक दिवसाआड येतो त्यांच्याकडे.”

मी नळ बंद केला.

“तुला सांगू का,” मॅडम पुढे म्हणाल्या, “मी तुला बोलावलं ते त्या वहीच्या ओळींसाठी. आकडा मनासारखा आला नाही म्हणून बदलला नाही, असं लिहिलं होतंस ना? मी म्हटलं, हीच मुलगी पाहिजे. तुझी आई गेलेली आहे हे माझ्या लक्षात आलं मुलाखतीच्या दिवशी. तोवर तर माझं ठरून गेलं होतं.”

त्या गेल्यावर मी त्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसले. पलंग कुठे बसेल, खिडकीकडे डोकं की दाराकडे, मावशीची वळकटी कुठे राहील, सगळं मला डोळ्यांपुढे दिसत होतं. ओट्यावरून टँकर येताना-जाताना दिसत होते. आईला ते बघत बसायला आवडलं असतं.

मी ठरवलं, सांगून टाकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या खोलीच्या दाराशी गेले. आत आमच्याबरोबरचा एक प्रशिक्षणार्थी उभा होता. शीतगृहाचं तापमान बघायला तो गेलाच नव्हता आणि आदल्या दिवसाचा आकडा उतरवून मोकळा झाला होता. मॅडमचा आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त वाईट होतं.

“एकच आकडा होता मॅडम,” तो म्हणत होता.

“एक आकडा खोटा निघाला की मला तुझं सगळं रजिस्टर खोटं धरावं लागतं. मी कशावर विश्वास ठेवू सांग? जा. सामान घे आणि जा.”

तो माझ्या शेजारून गेला. मॅडमनी वर बघितलं. “काय गं, काही काम होतं?”

“नाही,” मी म्हटलं. “नमुने आलेत, एवढंच सांगायला आले.”

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. दिवाळीला गेले तेव्हा आईने क्वार्टरबद्दल खोदून खोदून विचारलं. किती खोल्या, ऊन येतं का, शेजार कसा. मी म्हटलं, एकच खोली आहे, अंधारी. तिला वाईट वाटलं, पण थोडंच. “पुढे मोठी मिळेल,” ती म्हणाली. पलंगाशेजारी वही होती. आता मावशी नोंदी करायची, वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि आई तिलाही चुका दाखवायची. मला तेव्हा वाटलं, सांगावं तिला की ती ओळ लिहायची गरजच नव्हती. पण त्या ओळीसाठी ती दीड दिवस उपाशी राहिली होती. तिने आयुष्यात मला शेवटचं काही दिलं असेल तर ते तेवढंच. ते कुठल्या तोंडाने परत करणार?

अशी तीन वर्षं गेली. माघ महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजला. मी समोरच उभी होते, अहवालावर सही घ्यायला. सोमवारपासून सरकारी तपासणी होती आणि सगळी प्रयोगशाळा त्या गडबडीत होती. मॅडमनी फोन उचलला, ऐकला आणि माझ्यापुढे केला. “मलकापूरहून आहे.”

मावशीने यापूर्वी तिथे कधी फोन केला नव्हता.

“हर्षदा,” ती म्हणाली. “ताई गेली व. आत्ता, आठ वाजता. दुसरा झटका आला.”

मी फोन धरून उभी राहिले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. “काय झालं? कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

मला आई म्हणता येईना. ‘आई’ एवढं एकच तोंडाशी आलं होतं आणि तेच म्हणता येत नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, “मावशी.”

तिकडे फोनमध्ये मावशीने ते ऐकलं.

“हो,” मग ती म्हणाली. “तसंच सांग. मी गेली सांग. पन लवकर ये, आम्ही थांबतो.”

मॅडमनी माझ्या हातातून फोन काढून ठेवला, खुर्ची पुढे ओढली. मी त्यांच्या कोटात तोंड खुपसून रडले. त्या माझी पाठ थोपटत होत्या. “जुनंही दुःख वर येतं अशा वेळी,” त्या म्हणाल्या. “आईचं आठवलं ना? येतं असं.” मी मान हलवली. रडण्याचं कारण त्यांना बरोबर कळलं होतं, आणि तरी त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

“किती दिवस हवेत?” त्यांनी विचारलं, आणि मग जरा अवघडून, “आई-वडिलांना तेरा दिवस देतात गं. मावशीला दोन. त्यात सोमवारी तपासणी. रविवारी येशील ना?”

“येईन,” मी म्हटलं.

मनमाडपर्यंत बस, तिथून गाडी. सहाला मलकापूरला उतरले. सगळे माझ्यासाठीच थांबले होते. कोलते सर आले होते, शाळेतली जुनी मुलं आली होती. अग्नी मीच दिला. शुक्रवारी रक्षा सावडली, शनिवार कसाबसा काढला आणि रविवारी सकाळच्या गाडीने मी परत निघाले. लोक एकमेकांकडे बघत होते. आईच्या चौथ्याच दिवशी मुलगी नोकरीवर निघाली, असं एका बाईने मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. विमलमावशी तिच्यावर कडाडली, “तुम्हाले काय मालूम?” पण त्यापुढे तिलाही काही सांगता येईना. दहावा, तेरावा तिने एकटीने केला. मी त्या दोन्ही दिवशी प्रयोगशाळेत होते.

मग मावशी त्या घरात एकटीच राहिली. तिला माझ्याकडे आणायचं म्हटलं तर ती इकडे मेलेली. सात-आठ महिने मी तसेच काढले, आणि शेवटी एक दिवस जाऊन तिला घेऊनच आले. बसमध्ये तिला समजावलं, की तू माझी दुसरी मावशी, धाकटी.

“बरं,” ती म्हणाली. “नाव कोनतं सांगू?”

“तेच सांग. त्यांना ठाऊक नाही.”

“मंग काई अडचन नाही,” असं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

मॅडम दुसऱ्याच रविवारी तिला भेटायला आल्या. मी चहा केला. मावशी खाली सतरंजीवर बसली होती, मॅडमनी खुर्ची नाकारली आणि त्याही खालीच बसल्या.

“तुमची थोरली बहीण गेली, ऐकलं मी,” मॅडम म्हणाल्या. “हर्षदाला फार लागलं होतं. शेवटी फार त्रास झाला का त्यांना?”

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिने मॅडमकडे तोंड केलं आणि ती बोलायला लागली. मला वाटलं होतं, ती दोन शब्दांत आटपेल. पण तिला हे सगळं कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि मी ते कधी विचारलंच नव्हतं. घाईत आले, घाईत गेले. तिने सांगितलं की वडिलांनी थोरलीला शाळेत घातलं आणि हिला चौथीनंतर काढलं, तर थोरली रोज शाळेतून आली की वर्गात शिकवलेलं हिला शेतात जाता जाता सांगायची. तिने सांगितलं की शेवटी शेवटी ताईला एकटीने उठवता येत नसे, तेव्हा लुगड्याने तिला आपल्या कमरेशी बांधून ती उठवायची, आणि दोघी पडायच्या तेव्हा दोघी हसायच्या.

“आन् शेवटच्या दिवशी,” मावशी म्हणाली, “सकाळी तिले समजलं होतं. हात थंडा पडत चालला, म्हने. मी म्हनलं, हर्षदाले फोन लावतो. तं म्हने, लावू नको. तिची सोमवारी तपासनी आहे. ते होऊ दे, मंग सांग.”

हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

डोळे पुसत मॅडम माझ्याकडे वळल्या. “बघ,” त्या म्हणाल्या, “मावशी असून केवढा जीव होता त्यांचा तुझ्यावर.”

मग त्यांनी विमलमावशीचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्या दोघी तशाच बसून राहिल्या. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.